काकूंच्या माहेरची बस

माझ्या घरमालकांना ऊन चाखता यायचं, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. सकाळी तोंड धुऊन झालं की ते ओट्यावर येत, दोन्ही तळहात पुढे धरत, जरा वेळ तसेच उभे राहत आणि मग निकाल सांगत. "आज पातळ हाय." किंवा, "आजचं कसं, आटीव दुधावानी हाय." एखाद्या दिवशी नुसतंच, "हां." हां म्हणजे पहिला वर्ग.

आतून काकू विचारायच्या, "मग मिक्सर लावू का?"

"लाव. पण चटणीपुरता."

केजला कॉलेजात शिकताना मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिले, ते हे सर. हायस्कूलमधून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. तेवढे महिने युसूफ वडगावजवळच्या आमच्या घराला कुलूप असायचं. म्हणून वडील मला घेऊन केजला खोली बघायला आले. सरांनी भाड्याचं काही बोलायच्या आधी माझ्या हातात खडू दिला आणि फरशीकडे बोट दाखवलं.

"एक सरळ रेघ मार."

मी मारली. सर गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"वाकडी हाय."

वडील घाबरले. "शिकंल ती, मास्तर. लेकरू हाय अजून."

"कशाला शिकंल? सरळ रेघ मारणारी पोरं मला न्हाई सोसत. लई हुशार असत्यात, घरात कुणाला बोलू देत न्हाईत. ठेव सामान."

अशी मी त्या घरात आले. वडील जाताना त्यांच्या पाया पडायला वाकले तर सर चटकन मागे सरकले आणि स्वतःच वडिलांच्या पायाला हात लावून मोकळे झाले. आमच्या वडिलांच्या पायाला तोपर्यंत कुणी शिकलेल्या माणसाने हात लावला नव्हता. त्या रात्री घरी ते पुन्हा पुन्हा आपल्या पायांकडे बघत होते, असं आईने मला नंतर सांगितलं.

सरांची आणखी एक गंमत होती. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, हाय-न्हाई करत. पण राग आला की एकदम पुस्तकी भाषेवर यायचे. "आपण या नळाखाली बादली का ठेवलेली नाही?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. काकू तेव्हा मला डोळ्यांनी खुणावायच्या आणि म्हणायच्या, "पुस्तक उघडलं गं बाई."

काकूंबद्दल आधी सांगायला हवं होतं. त्यांच्याशिवाय सरांचं काहीच कळत नाही.

कोरोना येऊन गेला आणि काकूंची फुप्फुसं आवळून गेला. डॉक्टरांनी दिवसातले बहुतेक तास ऑक्सिजनच्या मशीनवर राहायला सांगितलं. गुडघ्याएवढ्या उंचीचं, चाकांवरचं ते यंत्र भिंतीशी उभं असायचं. खोलीतली हवा ओढायचं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने काकूंच्या नाकात सोडायचं. फुस्... ठक. फुस्... ठक. नळी चांगली लांब होती, पण शेवटी नळीच. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून ओट्याच्या पहिल्या पायरीपर्यंत काकूंचं जग. दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं की नळी ताणली जायची, काकू मागे वळून हसायच्या आणि म्हणायच्या, "संपलं माझं दावं."

मशीन विजेवर चालणार आणि आमच्याकडे वीज तिच्या मर्जीने येणार. लाइट गेली की सर असतील तिथून धावत यायचे आणि मशीनशेजारच्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी फिरवायचे. एकदा दाढी करताना लाइट गेली, तर अर्ध्या गालावर फेस घेऊन ते तासभर सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "सर, तोंड तरी धुवा." तर म्हणाले, "काट्यावरची नजर काढली की तो पळतो." असं काही नसतं हे त्यांनाही माहीत होतं.

काकूंचं माहेर परळी तालुक्यातलं धर्मापुरी. धाकटा भाऊ तिथे शेती करतो. दर थंडीत त्याचा फोन यायचा, "आक्का, जोंधळा हुरड्याला आलाय बघ." काकू म्हणायच्या, "खावा बाबांनो." फोन ठेवला की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. एके वर्षी भावाने भाजलेला हुरडा डब्यात भरून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. काकूंनी डबा उघडला, वास घेतला, दोन दाणे तोंडात टाकले आणि झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला.

"तू खा. गार झालाय. हुरडा डब्यात येत न्हाई गं. तो आगटीपाशीच खावा लागतो, चटके बसत बसत."

सर तेव्हा दारात उभे होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या शाळेची भंगारात काढलेली पिवळी मिनीबस आमच्या दारात येऊन उभी राहिली.

गल्लीला वाटलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. एक तर त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कधीच आली नाही, शेवटपर्यंत नाही. सायकलच्या पुढे ते गेले नव्हते. बस ढकलत आणणारे पुढच्या चौकातले जब्बारभाई, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे. त्यांनी विचारलं, "सर, चलायगा कौन इसकू?"

"आधी घर तर होऊ द्या. मग चालवायचं बघू."

त्यांचा बेत असा होता: बसच्या टपावर सोलरच्या प्लेटा, आत बॅटऱ्या, बॅटऱ्यांवर काकूंचं मशीन. म्हणजे काकूंना भिंतीतल्या प्लगची गरज नाही. बस जाईल तिथे काकू जातील. नळी घरात ताणली जाते ना? मग घरालाच चाकं लावायची.

चित्रकलेच्या माणसाने विजेचं काम करायचं म्हणजे काय होतं ते मी पाहिलं आहे. सरांनी आधी कार्डशीटवर पूर्ण वायरिंगचं चित्र काढलं, पोस्टर कलरने रंगवलं आणि फ्रेम करून बसमध्ये लावलं. फार सुंदर चित्र होतं. त्यात दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या, पण त्या तशाच छान दिसतात म्हणून त्यांनी चित्र बदललं नाही. तारांच्या रंगावरून त्यांचं आणि जब्बारभाईंचं रोज वाजायचं. आणलेला लाल रंग सरांना भडक वाटायचा.

"ह्यो लाल न्हाई चालणार. लई अंगावर येतोय. जरा विटकरीकडं झुकणारा बघा ना."

"सर, करंटला रंग दिसत न्हाई हो."

"तिला दिसतो ना. तिला आत बसायचंय."

पहिला इन्व्हर्टर स्वस्तातला आणला होता. त्यावर मशीन लावलं तर ते गुरगुरायला लागलं आणि हाताला गरम लागायला लागलं. असं का होतंय हे जब्बारभाईंना कळेना, सरांना कळेना, आणि मी विज्ञान शाखेची म्हणून दोघेही माझ्याकडे बघायला लागले तर मलाही कळेना. शेवटी सरांनी मोबाइलवर कुठलासा हिंदी व्हिडिओ शोधला. त्यात दोन प्रकारच्या विजेची चित्रं होती. एकीची लाट डोंगरांच्या रांगेसारखी गोलाकार वरखाली होणारी, दुसरीची पायऱ्या पायऱ्यांची. सर चित्राकडे बघत राहिले आणि एकदम उठून उभे राहिले.

"जब्बारभाई, ह्यो इन्व्हर्टर पायऱ्यांचा हाय! हिला दारातल्या दोन पायऱ्या चढवत न्हाईत आन तुमी हिच्या मशीनला दिवसभर पायऱ्या चढायला लावताय!"

तो इन्व्हर्टर परत गेला आणि गोल लाटांचा आला. मशीन गुमान चालायला लागलं. मी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले, तेव्हापासून हा भाग मी पायऱ्या आणि डोंगर काढूनच शिकवते. मुलांना लगेच कळतो.

बस तयार व्हायला पुढची थंडी उजाडली, आणि प्रवासाला निघायच्या आधी सरांनी सराव ठेवला. राहत्या घराला कुलूप लावलं आणि दोघं जण स्वतःच्याच दारात उभ्या असलेल्या बसमध्ये राहायला गेले. मी तेवढी खोलीत. गल्लीतली पोरं खिडकीशी येऊन ओरडायची, "सर, केज-धारूर हाय का?" सर आतून म्हणायचे, "गाडी भरली बे, मागची बघा." आत फक्त काकू असायच्या.

संध्याकाळी सर आतल्या उपकरणांची हजेरी घ्यायचे. शाळेतली सवय.

"मशीन?"

"हजर सर," काकू म्हणायच्या.

"पंखा?"

"हजर सर."

"मिक्सर?"

"गैरहजर. पोट दुखतंय त्याचं."

"फ्रीज?"

"हजर हाय, पण अभ्यास केला न्हाई. दूध नासलं."

मग सर बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या छोट्या डब्यावरचे आकडे बघायचे. त्या बाबतीत ते फार कडक होते. बॅटरी पूर्ण भरली की डब्यावर हिरवा दिवा लागायचा. तो लागल्याशिवाय बस दारातून हलणार नाही, कुठे गेलोच तर तिथूनही हलणार नाही, हा त्यांचा नियम. पुण्याला त्यांची मुलगी असते. तिने फोनवर विचारलं, "बाबा, आई बरी आहे ना?" तर म्हणाले, "जवळपास भरत आलीय." त्यांना बॅटरीबद्दल विचारलंय असं वाटलं होतं.

ते दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं. थंडी सुरू झालेली, आई-वडील कर्नाटकात कुठल्यातरी फडावर, गावच्या घराला कुलूप. संध्याकाळी मी बसच्या दारावर टकटक करायचे आणि आतून काकू म्हणायच्या, "पुढं सरका हो, पॅसिंजर आलं." बसची सगळी बाकं काढली होती, फक्त खिडकीजवळचं दोघांचं एक बाक ठेवलं होतं. मी त्यावर बसून पुस्तक उघडायचे. काकू पलंगावर, सर खाली पसरलेल्या वायरींत, आणि मध्ये ते फुस्... ठक. आज मी राहते त्या घरात सगळं आहे, लाइटही सहसा जात नाही. पण अभ्यासाला, म्हणजे आता तपासायच्या पेपरांना बसले की मला तो आवाज हवासा वाटतो. तो नसला की घर कसं बंद पडल्यासारखं वाटतं.

काकू आता नाहीत. मी शेवटच्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात त्या गेल्या. मुलीने सरांना पुण्याला न्यायचा फार आग्रह केला. सर गेले नाहीत. केजचं घर भाड्याने दिलं आणि जब्बारभाईंना बस चालवायला लावून धर्मापुरीला मेहुण्याच्या शेताच्या कडेला जाऊन राहिले. अजून तिथेच आहेत. विजेचं बिल नाही, नळ नाही. पाणी विहिरीचं, बाकी सगळं टपावरच्या प्लेटांवर. म्हातारपणी सासुरवाडीला राहतात म्हणून गावातली माणसं त्यांना घरजावई म्हणून चिडवतात. सर म्हणतात, "घर कुठंय माझ्याकडं? गाडीजावई म्हणा." शेजारपाजारच्या वस्तीवरचे लोक त्यांच्याकडे मोबाइल चार्ज करायला ठेवतात आणि सर प्रत्येक मोबाइलला नंबर न देता त्याच्या मालकाचं छोटं चित्र काढून चिकटवतात. नाकं सगळ्यांची बरोबर येतात.

गेल्या वेळी मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "सर, इथं एकटं करमतं का?"

"कावून न्हाई करमणार? हिचं माहेर हाय." मग म्हणाले, "हिला इथं एकच मुक्काम मिळाला. बाकीचे मी करून टाकतो."

तो मुक्काम मी पाहिला आहे. तेवढा सांगते आणि थांबते.

बस दारात तयार झाली त्याच थंडीत काकूंच्या भावाचा फोन आला, "आक्का, गूळभेंडी भरलीय. चार-सहा दिवसांत निबर होईल." ज्वारीचा दाणा हुरड्याला येतो तो थोडेच दिवस, नंतर तो कडक होतो आणि मग वर्षभर वाट बघायची. काकूंकडे बघून डॉक्टरही वर्षभराचं काही बोलत नव्हते. काकू सरांना एवढंच म्हणाल्या, "मला तिथं एक रात्र झोपायचंय. आईच्या शेतात."

बसचं इंजिन जब्बारभाईंनी आधीच दुरुस्त करून घेतलं होतं, त्यांनीच ती चालवत नेली. मलाही त्यांनी बरोबर घेतलं, कारण माझ्यासाठी त्या दिवसांत दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं. आम्हाला शेतात सोडून जब्बारभाई परळीला त्यांच्या पाहुण्यांकडे गेले, उद्या येतो म्हणाले.

बांधावर सगळं माहेर उभं होतं. भाऊ, भावजय, दोन भाचे, त्यांच्या बायका, पोरं. भावजयीने बसच्या दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. ऑक्सिजनची नळी आणि विस्तव जवळ आणायचे नाहीत, म्हणून सरांनी आधी पांढरी फक्की मागितली आणि रानात एक लांबच लांब रेघ ओढली. आगटी रेघेच्या पलीकडे, काकू अलीकडे. बसच्या खिडकीतून नळी बाहेर काढली आणि काकूंना बाजेवर बसवलं. पोरं आगटीतून निघालेली गरम कणसं हातावर चोळायची, दाणे ओंजळीत धरून रेघ ओलांडून पळत यायची. हुरड्यातला कोंडा फुंकून काढावा लागतो. काकूंनी ओंजळ तोंडाजवळ नेली, पण फुंकरीला श्वास पुरला नाही. भावजयीने त्यांच्या हातावर फुंकर घातली. मग पोरांना तो खेळच झाला. आत्याआजीच्या हातावर कोण फुंकणार, यावरून त्यांच्यात मारामारी.

"हळू रे, हुरडा ठेवा जरा, सगळाच उडवू नका," काकू म्हणत होत्या. चटके बसत होते आणि त्या खात होत्या. मी त्यांना इतकं खाताना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी त्या बसमध्ये जाऊन पडल्या. सरांना गावातलं जुनं देऊळ बघायचं होतं, तिथल्या मूर्तींची चित्रं काढायची होती. मी त्यांची कागदांची पाटी धरून गेले. देवळाच्या भिंतीवरच्या एका बाईच्या कंबरेची रेघ सरांना काही केल्या साधेना, त्यात फार वेळ गेला.

परत आलो तर बस जागेवर नव्हती.

जरा पुढे बांधावर मोठी चिंच आहे. तिच्या गर्द सावलीत कडब्याची एक भली मोठी गंज दिसत होती, आणि त्या गंजीला खिडक्या होत्या. माहेरवाशीण आली आहे, पत्र्याच्या गाडीत झोपली आहे, तिला ऊन लागेल, म्हणून भाच्यांनी बस ढकलत सावलीत नेली होती आणि पत्रा तापू नये म्हणून टपावर पेंढ्यांवर पेंढ्या रचल्या होत्या. जीव लावून रचल्या होत्या. एक इंचही पत्रा दिसत नव्हता. प्लेटा तर नाहीच.

भाऊ कौतुकाने पुढे आला. "दाजी, हात लावून बघा. कसं गारगार केलंय आक्काला."

आतून बॅटरी उतरल्याचं इन्व्हर्टरचं टीं टीं ऐकू येत होतं.

सर गंजीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "हे कर्तृत्व नेमके कोणाचे आहे?"

पुस्तक उघडलं होतं. पण पुढचं पान त्यांना सापडेना. समोर भाऊ हसत उभा होता, भाच्यांच्या केसांत कडब्याची पानं अडकलेली होती. सरांनी एवढंच सांगितलं, "अरे, तिची हवा त्या उन्हातून येते."

भावाचा चेहरा असा पडला की बघवेना. पुढच्या क्षणाला भाचे टपावर होते. पेंढ्या धडाधड खाली आल्या. बायका, पोरं, भाऊ, सर, मी, सगळ्यांनी मागून जोर लावला आणि बस उन्हात आणली. काळ्या रानात चाक रुतलं, ते उकरलं. उन्हात आणेपर्यंत चिंचेची सावली लांब होत आमच्या मागे आली, तेव्हा पुन्हा ढकलली. मग पुन्हा. खिडकीतून काकू बघत होत्या आणि हसून हसून त्यांना धाप लागत होती.

"हसू नकोस गं, संपंल," सर खालून ओरडले.

"मला घेऊन वरात काढलीय तुमी. हसू नको तर काय करू?"

सूर्य कलला तेव्हा सरांनी आकडे बघितले आणि खिशातून फोन काढला. "जब्बारभाईला बोलावतो. परत जाऊ."

"लावू नका," काकू म्हणाल्या.

"बॅटरी आन सिलिंडर मिळून उजाडेपर्यंत जेमतेम पुरंल. ते बी दुसरं काही लावलं न्हाई तर."

"मग जेमतेम राहू."

"अगं, धुकं पडलं तर? सकाळी ऊन उशिरा आलं तर?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज मुळातच बारीक झालेला होता, तो आणखी खाली आला. "पुढच्या वर्षीचा जोंधळा मला दिसंल असं वाटतं का तुमाला? खरं सांगा."

सरांनी फोन खिशात ठेवला. दिवा, पंखा, फ्रीज, सगळ्यांची बटणं स्वतःच्या हाताने बंद केली. भाऊ घरातून रॉकेलचा कंदील घेऊन आला, तोही त्यांनी फक्कीच्या रेघेपलीकडे ठेवायला लावला. त्या रात्रीचं मला काही सांगता येणार नाही. मी भावजयीच्या कुशीत आडवी झाले आणि झोपले. एवढं माहीत आहे की सर बसच्या पायरीवर बसून होते आणि भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर.

सकाळी धुकं होतंच. बॅटरी संपली होती, मशीन बंद होतं आणि सिलिंडरचा काटा लाल रेघेला टेकला होता. सर टपावर चढून, अंगातला शर्ट काढून, प्लेटांवरचं दव पुसत होते. खाली सगळं घर माना वर करून पूर्वेकडे बघत उभं. भाच्याने मोटरसायकल चालू करून ठेवली होती, गावातून जीप आणायला. मग धुक्यात एक पिवळट डाग दिसायला लागला, पातळ झाला, पसरला, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. फुस्... ठक.

भाऊ बांधावर खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर मात्र ऊन असं पडलं की विचारू नका. जब्बारभाई परळीहून आले. हिरवा दिवा लागला की निघायचं ठरलं. काकू बाजेवर बसल्या होत्या. भावजयीने त्यांची ओटी भरली. माहेरी ओटी भरून किती वर्षं झाली होती ते दोघींनाही आठवेना. पोरांनी आगटी पुन्हा पेटवली होती आणि पुन्हा ओंजळी घेऊन रेघेवरून पळापळ चालू होती. भाच्याच्या धाकट्या पोरीने काकूंच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि काकू तिच्या उवा बघत होत्या.

दुपारी मी पाणी प्यायला बसमध्ये गेले. कंट्रोलरच्या डब्यावर हिरवा दिवा लागलेला होता. चांगला लखलखीत. सर त्याच्यासमोर उभे होते.

बाहेरून काकूंनी विचारलं, "भरली का हो?"

सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डब्यावर टाकला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"न्हाई. अजून लई वेळ हाय."

जब्बारभाई दारातून डोकावत होते. त्यांना दिवा दिसला असणार. टॉवेलाखालूनही हिरवं दिसत होतं. ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, मग सरांकडे बघितलं.

"हां सर," ते मोठ्याने म्हणाले, बाहेर ऐकू जाईल असं, "आज चार्जिंगच न्हाई पकडत बघा," आणि चपला काढून बांधावर जाऊन बसले.

काकूंनी पोरीचं डोकं पुन्हा मांडीवर नीट घेतलं. भावाने आगटीत नवी कणसं टाकली.